गोधडीतले जादा टाके



कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात गोधडीवर बोलायचे म्हणजे थोडे धाडसच आहे. वेतन, भाववाढ, जमीन, पाणी हे प्रश्न दारात उभे असताना चिंध्यांच्या पांघरुणाकडे कशाला वळायचे, असे कोणाच्या मनात आले तर ते रास्तच म्हटले पाहिजे. पण ज्या माणसांसाठी चळवळ चालते, ती माणसे मोर्चाहून परत गेल्यावर रात्री कशावर निजतात आणि काय पांघरतात, हाही चळवळीच्या विचाराचा विषय व्हायला हरकत नसावी. महाराष्ट्रातील गरिबाच्या घरी बिछाना आणि पांघरूण या दोन्हींचे काम पिढ्यान्‌पिढ्या गोधडीने केले आहे. कोल्हापूर, सांगलीकडे तिला वाकळ म्हणतात. तान्ह्या मुलाची असली तर दुपटे. गिरणीत कामाला आलेला कोकणातला किंवा घाटावरचा माणूस मुंबईत उतरे तेव्हा त्याच्या काखेत वळकटी असे, आणि त्या वळकटीच्या आत बहुधा आईच्या किंवा बायकोच्या हातची गोधडी असे. एकाच गाळ्यात पाळीपाळीने निजणाऱ्या त्या माणसांना स्वतःची म्हणावी अशी जागा नव्हती. जागा बदलली तरी गोधडी मात्र ज्याची त्याची राहिली. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) चिंध्यांचाच पोशाख अंगावर वागवला आणि लोक त्यांना गोधडे महाराज म्हणू लागले. त्या नावात कुचेष्टा नव्हती. आपल्यापैकीच एक, एवढाच त्याचा अर्थ होता.

तथापि आज गोधडी ‘गरिबीचे चिन्ह’ म्हणून पाहावयाची नाही. तिच्या शिवणाऱ्या बाईला ती शिवताना जो आनंद होतो, त्या आनंदाचे अर्थशास्त्र पाहावयाचे आहे. श्रमात आनंद असतो हे वाक्य मालकाच्या तोंडी फार शोभते, म्हणून समाजवादी माणूस ते ऐकताच कान टवकारतो, आणि त्याने ते टवकारलेच पाहिजेत. तरीही शत्रूने वापरले म्हणून एखादे सत्य टाकून देणे शहाणपणाचे नाही.

प्रथम काम कसे चालते ते पाहू. सुगी उरकलेली असते, पाऊस अजून लांब असतो, शेतात हाताला काम नसते. उन्हाळ्याच्या अशा दुपारी घरातील फाटकी लुगडी, धोतरे, सदरे, मुलांची कपडे असे सारे गाठोडे सोडले जाते. नऊवारी लुगडे विरले तरी सगळे एकदम विरत नाही. बसण्याची आणि घासटण्याची जागा आधी जाते, काठ आणि पदराकडची बाजू पुष्कळ दिवस टिकते. हे टिकलेले भाग निवडून काढणे हीच पहिली परीक्षा. मग शेणाने सारवलेल्या जमिनीवर एक चांगले लुगडे अस्तर म्हणून अंथरतात. त्याच्यावर विरलेल्या कपड्यांचे थर घालतात. कुठे खळगा राहू नये, कुठे गाठ येऊ नये, म्हणून तळहाताने चाचपून पाहतात. कोपऱ्यांवर दगड नाही तर पाण्याने भरलेली भांडी ठेवतात. सगळ्यांत वर दर्शनी तुकडे मांडतात. मोठाले कच्चे टाके घालून हे थर एकमेकांना धरून ठेवले की मग खरा धावदोरा सुरू होतो. कडेपासून निघायचे, चारी बाजूंनी फिरत फिरत आत यायचे, आणि दोन ओळींत एखाद्या बोटाचे अंतर राखायचे. चार बायका चार कडांना बसल्या तर प्रत्येकीचा हात वेगळा दिसतो. कोणाचा टाका तांदळाएवढा, कोणाचा ज्वारीएवढा. शिवणाऱ्या बायकांना तो वर्षांनंतरही ओळखू येतो.

तुकडे मांडताना जी बोलणी होतात त्यांत या सगळ्याचे मर्म आहे.

“आत्याबाई, हितं लाल लावू का?”

“लाव की. पर त्या पिवळ्याच्या शेजारी नगं, डोळ्यात जातंय. मधी जरा काळं घाल.”

“काळं चांगलं न्हवं म्हंत्यात.”

“म्हणू देत. लाल उठून दिसाय काळंच लागतं, बाई.”

या संवादातील सून आणि सासू यांचा दिवस कसा जातो हे लक्षात घ्या. काय शिजवायचे हे घरात काय आहे त्यावर ठरते. केव्हा उठायचे ते पाण्याच्या पाळीवर ठरते. कोणाच्या रानात जायचे ते मुकादम ठरवतो, मजुरी किती ते मालक ठरवतो, मुलीचे लग्न कोठे करायचे ते पुरुष ठरवतात. लालाच्या शेजारी काळे की पिवळे, हे मात्र दुसरे कोणी ठरवीत नाही. दिवसभरातील बहुधा हा एकच निर्णय असा असतो की जो सर्वस्वी तिचा आहे आणि ज्याचे फळ तिच्या डोळ्यांपुढे लगेच दिसते. आनंद होतो तो येथे. तो कलेचा आनंद आहे असे म्हणायला पंडितांची परवानगी नको.

आता अर्थशास्त्राकडे वळू. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचा ‘थिअरी ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’ हा ग्रंथ १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. श्रम म्हणजे पुढे मिळणाऱ्या लाभासाठी सोसलेला त्रास, अशी त्याची मांडणी होती, आणि महाविद्यालयांतील पाठ्यपुस्तके थोड्याफार फरकाने आजही हेच शिकवितात. काम म्हणजे कष्ट, वेतन म्हणजे त्या कष्टाची भरपाई. भरपाई कमी पडली की माणूस काम थांबवितो. हे सूत्र गोधडीला लावून पाहा. थंडी अडविण्यासाठी थर एकमेकांना धरून राहावेत एवढेच टाके पुरेत. ओळीओळीत चार बोटे अंतर ठेवले तरी पांघरूण तयार होते. मग ही बाई बोटाबोटावर ओळी का घालते? कोपऱ्यात फूल का काढते? मधोमध चौकटीत चौकट का रचते? एका अर्थी हे सारे अतिरिक्त श्रम आहेत. गरजेपुरते काम संपल्यावर जे केले जाते त्याला दुसरे काय म्हणणार? पण गिरणीतील अतिरिक्त श्रम मालकाच्या तिजोरीत जातात. गोधडीतील हे जादा टाके कोणीच काढून घेत नाही. ते तिचेच राहतात. म्हणूनच ती ते घालते.

तरुण मार्क्सने १८४४ च्या हस्तलिखितांत परात्मतेचे जे विवेचन केले ते येथे आठवते. कामगाराला आपण काम करीत नसतानाच आपले आपण असल्यासारखे वाटते आणि काम करताना तो स्वतःपासून दूर जातो, हा त्याचा मुद्दा. पुष्कळांनी त्यातील दुःखच तेवढे वाचले. परात्मता हा जर रोग असेल तर निरोगी श्रम कसा असतो याची काही कल्पना मार्क्सच्या मनात असलीच पाहिजे, हे फारसे कोणी विचारात घेतले नाही. निरोगी श्रमाचा असा विचार आपल्या परीने केला तो विल्यम मॉरिसने. हा माणूस (१८३४–१८९६) कवी, चित्रकार आणि भिंतीच्या कागदांचा व पडद्यांचा कारखानदार. जुने भरतकाम उसवून त्याचे टाके तो स्वतः शिकला आणि मग घरातील बायकांना शिकविले. १८८३ मध्ये तो समाजवादी चळवळीत आला, चौकाचौकांत व्याख्याने देऊ लागला. ज्या कामात विश्रांतीची आशा आहे, उपयुक्त वस्तू हाती येण्याची आशा आहे आणि ते करण्यातच सुखाची आशा आहे तेच माणसाने करण्याजोगे काम, बाकीची सारी गुलामी, असे त्याचे म्हणणे. त्याची शोकांतिका अशी की हाताने केलेल्या त्याच्या सुंदर वस्तू इतक्या महाग पडत की त्या श्रीमंतांशिवाय कोणी घेऊ शकत नसे, आणि हे त्याला स्वतःला फार झोंबे. मॉरिसला जे कारखाना काढूनही साधले नाही ते गोधडीवाल्या बाईने फाटक्या लुगड्यांत साधले आहे: वस्तू सुंदर, कामात सुख, आणि वापरणारा गरीब.

पण हे चित्र इतके गोड रंगवून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. गोधडी मुळात पांघरूण विकत घ्यायला पैसे नाहीत म्हणून शिवली जाते. पोटासाठी दुसऱ्यांच्या गोधड्या शिवून देणाऱ्या बायका आहेत. त्यांना नगावर पैसे मिळतात, आणि त्या बोटाबोटावर ओळी घालत बसल्या तर संध्याकाळची चूल पेटणार नाही. त्यांच्या टाक्यांत लय असेल, आनंद असेलच असे नाही. गरिबीतून कला जन्मते म्हणून गरिबी बरी, असे सुचविणारे लेखन मधूनमधून वाचायला मिळते. ते ज्या खोलीत बसून लिहिले जाते तेथे बहुधा रजई असते.

या बाबतीत सातासमुद्रांपलीकडचे एक उदाहरण फार बोलके आहे. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात अलाबामा नदीच्या एका वळणात गीज बेंड नावाची वस्ती आहे. १८१६ मध्ये जोसेफ गी याने तेथे कापसाचा मळा घातला. १८४५ मध्ये तो मार्क पेटवे याच्याकडे गेला. गुलाम मुक्त झाले तरी त्यांची मुलेबाळे तेथेच राहिली, खंडाने जमीन कसू लागली, आणि मालकाचे आडनाव त्यांना चिकटले ते चिकटलेच. वस्तीतील बहुसंख्य लोक आजही पेटवे. १९३२ मध्ये कर्ज देणारा व्यापारी वारला. त्याच्या बायकोने वसुली काढली, आणि लोकांची जनावरे, अवजारे, साठवलेले धान्य उचलून नेले. त्या हिवाळ्याची आठवण तेथल्या म्हाताऱ्या माणसांनी जन्मभर सांगितली. आपल्याकडील सावकारीच्या कथा ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना यात परके असे काही वाटणार नाही.

या वस्तीतील बायका जीर्ण कपड्यांच्या गोधड्या शिवत. फळ्यांच्या घरांत फटींतून वारा येई, म्हणून एकावर एक चढविण्याइतक्या गोधड्या लागत. कापसाच्या शेतात गुडघे टेकून विटलेल्या विजारी, खतांच्या गोण्या, पिठाच्या पिशव्या, जे हाती येईल ते. १९४२ च्या सुमारास मिसूरी पेटवे या बाईचा नवरा वारला. तिने त्याचे कामाचे कपडे घेतले, त्यांचे तुकडे करून गोधडी शिवली आणि ती पांघरू लागली, म्हणजे त्याची ऊब राहील. पुढे हे तिच्या मुलीने सांगितले. विजारीच्या गुडघ्याजवळचा विटका निळा आणि खिशाखालचा न विटलेला गडद निळा असे दोन्ही तुकडे या गोधड्यांत दिसतात. मेलेल्या माणसाचे लुगडे वा धोतर गोधडीत घालण्याची रीत आपल्याकडेही पुष्कळ घरांत आहे. ‘ही आजीची’ असे त्या तुकड्यावर बोट ठेवून मुलांना दाखवितात. ही भाषा शिकवावी लागत नाही.

त्याच वस्तीतील लोरेटा पेटवे यांनी मात्र स्वच्छ सांगून टाकले की आपल्याला शिवणकाम कधीच आवडले नाही. घरात पांघरायला नव्हते म्हणून शिवले. आणि गंमत अशी की रसिक ज्यांपुढे थबकून उभे राहतात अशा गोधड्यांत त्यांच्या गोधड्या आहेत. आनंदाची बाजू मांडणाऱ्याने ही साक्ष लपवू नये. तिचा अर्थ एवढाच की नाइलाज आणि निर्मिती एकाच सुईत ओवलेली असू शकतात, आणि त्यांतील नाइलाज काढून टाकणे हे राजकारणाचे काम आहे.

ते राजकारण गीज बेंडमध्ये आले. मतदारयादीत नाव घालण्यासाठी नदीपलीकडच्या कॅम्डेन या जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागे. काळे लोक तसे जाऊ लागले तेव्हा १९६२ मध्ये तर बंद करण्यात आली; रस्त्याने जायचे तर फार मोठा वळसा. १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग तेथे आले. मत मागणाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, काहींना खंडाच्या जमिनीवरून हुसकावून लावले. अशा वेळी, १९६६ च्या मार्चमध्ये, फ्रान्सिस वॉल्टर या धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने त्या भागातील बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था स्थापन केली. गोधड्या न्यूयॉर्कला लिलावात विकल्या गेल्या. एस्टेल विदरस्पून या बाईने व्यवस्थापकाचे काम हाती घेतले. संस्थेने जमीन घेतली, १९६९ मध्ये शिवणकेंद्राची इमारत उभी राहिली, जमिनीतील काही तुकडे हुसकावलेल्या कुटुंबांना दिले, पुढे पाळणाघर काढले. ज्यांना शंभर वर्षे कोणी विचारले नव्हते त्या बायका हिशेबाच्या वह्या तपासू लागल्या.

आणि येथेच अडचण सुरू झाली. शहरातील दुकानांना एकसारखा माल हवा होता. कोपरे काटकोनात हवेत, रंग सांगितले तेच हवेत, दहा नग दिले तर दहाही सारखे दिसले पाहिजेत. बायकांची रीत नेमकी उलटी. दोन गोधड्या सारख्या झाल्या तर त्यांना त्यात कमीपणा वाटे. १९७२ मध्ये सीअर्स रोबक या कंपनीचे कॉर्डुरॉयचे उशांचे अभ्रे शिवण्याचे कंत्राट मिळाले. काम ठरीव, कंटाळवाणे, कारखान्यासारखे. पण नियमित मजुरी मिळू लागली. आनंद नाही म्हणून कोणी त्या बाईला घरी जा म्हणू नये. दर आठवड्याला हातात येणारा पैसाही स्वातंत्र्यच आहे. गोष्ट एवढ्यावर संपली असती तर तिच्यात विशेष काही नव्हते. कातरणीतून कॉर्डुरॉयचे जे तुकडे उरत ते बायका घरी नेऊ लागल्या. शेवाळी, सोनेरी, विटकरी तांबडा हे कंपनीने निवडलेले रंग. पण घरी ते कसे जुळवायचे हे सांगणारा कोणी नव्हता. त्या उरलेल्या तुकड्यांतून गीज बेंडमधल्या काही फार देखण्या गोधड्या निर्माण झाल्या. दिवसा कंपनीचे अभ्रे, रात्री स्वतःची गोधडी, आणि कापड एकच. परात्म श्रम आणि मुक्त श्रम यांतील फरक याहून स्पष्ट दाखविणारे उदाहरण ग्रंथात सापडणे कठीण.

पुढचा इतिहास थोडक्यात. २००२ मध्ये या गोधड्यांचे प्रदर्शन प्रथम ह्यूस्टनला आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भरले, २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटे निघाली, त्याच वर्षी बंद केलेली तर चव्वेचाळीस वर्षांनी पुन्हा सुरू झाली. पैसा आला तसे कज्जेही आले. काही बायकांनी २००७ मध्ये आपल्याला योग्य वाटा मिळाला नाही म्हणून दावे लावले, ते पुढच्या वर्षी तडजोडीने मिटले. सहकारी संस्था मात्र २०१२ मध्ये बंद पडली. प्रदर्शन मोठे झाले आणि संस्था मिटली, याचा विचार सहकारवाल्यांनी सवडीने करावा.

आपल्याकडे काय चित्र आहे? जुने सुती लुगडे घराघरांतून गेले. कृत्रिम धाग्याच्या साड्या टिकतात पुष्कळ, पण त्यांचे थर एकमेकांवर घसरतात, सुई सरळ जात नाही, घाम टिपला जात नाही. स्वस्त ब्लँकेट बाजारात मिळते. ते मिळते हे चांगलेच आहे. कुडकुडणाऱ्या मुलाला परंपरेचे व्याख्यान नको असते. दुसरीकडे शहरातील देखण्या दुकानांतून गोधडी मांडलेली दिसते, बचत गटांना तशा मागण्या येतात, आणि मागणीबरोबर नमुन्याचा कागदही येतो. कोणता तुकडा कोठे हे आता त्या कागदावर ठरते. म्हणजे तिच्या दिवसातला जो एक निर्णय तिचा होता तोच नेमका तिच्याकडून निघून जातो, आणि तिच्या हाती टाके उरतात. गटांचे काम करणाऱ्या कार्यकर्त्या बहिणींनी गिऱ्हाइकाशी भांडून का होईना, मांडणी शिवणारीकडे ठेवली तर दर थोडा कमी मिळेल की काय अशी भीती असते. गीज बेंडचा अनुभव तरी याच्या उलट आहे. जगाने डोक्यावर घेतल्या त्या गोधड्या नमुन्याबरहुकूम शिवलेल्या नव्हत्या.

दुसरी गोष्ट वेळेची. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची जी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे तिच्यानुसार घरच्या वापरासाठी निर्माण केलेली वस्तू हिशेबात धरायची असते, सेवा मात्र धरायची नसते. म्हणजे तत्त्वतः गोधडी उत्पन्नात जमा, आणि तीच गोधडी नदीवर नेऊन धुणे, वाळविणे, रात्री मुलांना अंथरून देणे हे शून्य. २०१९ मध्ये केंद्र सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, पुरुषांची ९७, असे तीत आढळले. पाच तास चूल, पाणी, झाडलोट यांत गेल्यावर आणि मजुरीचा दिवस भरल्यावर सुई हातात घ्यायला उरते काय? जादा टाके घालायला आधी जादा वेळ लागतो. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने गिरणी कामगारांना १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळवून दिली. घरातील चुलीला तो रविवार अजून लागू झालेला नाही. नळाचे पाणी, पाळणाघर, गॅस, आणि घरच्या पुरुषाने भांडी घासणे या मागण्या आपण कष्ट कमी व्हावेत म्हणून करतो. त्यांतून वाचलेल्या दुपारचे तिने काय करावे हे मात्र आपण ठरवायचे नाही. ती निजेल, शेजारी जाऊन बसेल, वाचेल किंवा गाठोडे सोडेल.

गोधडीच्या संबंधात आणखी एका समाजाचा उल्लेख करावयाचा राहिला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या माणसांपैकी अनेकजण पळून घाटातील जंगलांत गेले. त्यांचे वंशज सिद्दी. आज ते कर्नाटकात, विशेषतः उत्तर कन्नड जिल्ह्यात आहेत. त्यांच्या बायका कवंद शिवतात. त्याही कडेपासून सुरुवात करून फिरत फिरत आत येतात, आमच्या बायकांसारख्याच. सारे शिवून झाले की चारी कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाची तिकोनी फुले लावतात. फुलांनी थंडी अडत नाही की कवंद टिकाऊ होत नाही. पण फुलांवाचून कवंद उघडे दिसते, असे त्या म्हणतात, आणि ती लावल्याखेरीज काम पुरे झाले असे मानीत नाहीत.